आनंदीबाईंचा प्रबंध आणि वैद्यकाचीं जुनीं दप्तरें

वैद्यक हें असें शास्त्र आहे कीं, त्यांत कालचें पुस्तक आज शिळें होतें. काव्यग्रंथ जितका जुना तितका त्याचा मान अधिक. परंतु पन्नास वर्षांपूर्वींचें औषधांचें पुस्तक उघडून जो डॉक्टर रोग्यास औषध लिहून देईल, त्याच्या दारीं कोणी शहाणा मनुष्य दुसऱ्यांदा पाऊल टाकणार नाहीं. तेव्हां वैद्यकीय विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जुन्या पुस्तकांनीं, हस्तलिखितांनीं आणि पत्रांच्या गठ्ठ्यांनीं जागा कां अडवावी, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यास हंसून वाटेस लावणें योग्य नव्हे. प्रश्न व्यवहारी आहे. त्याचें उत्तरहि व्यवहारी असलें पाहिजे. वारसा, परंपरा इत्यादि भारदस्त शब्दांची आड घेऊन तें टाळतां येणार नाहीं.

पनवेल तालुक्यांतील गव्हाणच्या बाजूस तर हा प्रश्न अधिकच साहजिक आहे. भातशेती, मिठागरें आणि खाडीची मासळी यांवर जगणारा हा मुलूख. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठीं ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें, आणि त्यांत गव्हाणहि आलें. पुढें न्हावा-शेव्याचें बंदर झालें. २०२४ च्या जानेवारींत शिवडीहून समुद्र ओलांडून येणारा अटल सेतु खुला झाला. ज्यांच्या आज्यांनीं डोक्यावरच्या टोपलींतून मासळी विकली, त्यांच्या नाती आज डॉक्टरीच्या वर्गांत बसतात. कामोठें, नेरूळ येथें विद्यापीठांचीं वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. पण तीं सारीं गेल्या चाळीस वर्षांतलीं. त्यांच्या कपाटांत शंभर-दीडशें वर्षांचा संग्रह वारशानें येणें शक्यच नव्हतें. यामुळें येथील विद्यार्थ्याची सहज अशी समजूत होते कीं, वैद्यकाचा आरंभ परीक्षेस नेमलेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानापासून होतो. जुना संग्रह म्हणजे काय चीज आहे हें दाखवावयाचें तर वाचकांस दूर न्यावें लागतें. आम्ही त्यांस बरेंच दूर, अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरापर्यंत नेणार आहों. कारण एका मराठी डॉक्टरणीचे कागद तेथें आहेत, आणि आमच्या मतें मराठी वाचकांनीं ते अद्याप नीट वाचलेले नाहींत.

ह्या शहरांत १८५० सालीं केवळ स्त्रियांसाठीं एक वैद्यकीय महाविद्यालय निघालें. १८६७ पासून तें 'वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. १९७० त त्यांत पुरुषांस प्रवेश मिळाला आणि नांवांतील 'वुमन्स' हा शब्द गळून पडला. पुढें तें हानेमान नांवाच्या दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयाशीं जोडलें गेलें. ज्या आरोग्यसंस्थेच्या छत्राखालीं हीं दोन्हीं होतीं ती १९९८ त दिवाळखोर ठरली. आणि २००२ त शेवटीं हा सारा पसारा ड्रेक्सेल विद्यापीठाच्या पदरीं आला. हानेमानच्या जुन्या इस्पितळास तर २०१९ त कायमचें टाळें लागलें. नांव गेलें, धनी बदलले, इमारती सुटल्या. एवढ्या घालमेलींत विद्यार्थिनींच्या अर्जांचें आणि वहींतल्या प्रबंधांचें काय व्हावें? आपल्याकडे काय झालें असतें याची कल्पना वाचकांस करतां येईल. रद्दीचा भाव तेवढा तपासावा लागेल. तेथें मात्र दप्तरांस स्वतंत्र दालन मिळालें, सूचि झाल्या, आणि पुष्कळ कागदांचीं छायाचित्रें आतां घरबसल्या कोणासहि पाहतां येतात.

त्यांत आनंदीबाई जोशी यांचें प्रवेशासाठीं लिहिलेलें पत्र आहे. त्यावर तारीख २८ जून १८८३. अमेरिकेच्या किनाऱ्यास लागून त्यांस अजून महिना झाला नव्हता आणि वय अठरा वर्षांचें होतें. आपली पूर्वतयारी प्रवेशाच्या सर्व अटींस पुरी पडणार नाहीं हें त्या त्यांत स्वच्छ सांगतात. आणि पुरुष डॉक्टरास अंग दाखविण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस खरी वैद्यकीय मदत पोंचवावी, हा आपला हेतु असल्याचेंहि तितक्याच स्वच्छपणें सांगतात. पत्रांत विनंति आहे, पण दीनवाणेपणा नाहीं. १० ऑक्टोबर १८८५ चें एक छायाचित्र आहे. त्यांत आनंदीबाईंच्या शेजारीं जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली अशा दोघी सहाध्यायिनी आपापल्या देशाच्या वेषांत बसल्या आहेत. हें चित्र अलीकडे पुष्कळांच्या पाहण्यांत आलें आहे. आणि ह्या सर्वांहून मोलाची वस्तु म्हणजे १८८६ सालीं एम. डी. च्या पदवीसाठीं त्यांनीं सादर केलेला हस्तलिखित प्रबंध. त्याचा विषय 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' असा आहे.

पत्र आणि चित्र यांचा बोलबाला झाला. प्रबंध मागें राहिला. हा आमच्या तक्रारीचा मुद्दा आहे.

आनंदीबाईंवर मराठींत थोडें लिहिलें गेलें आहे असें नाहीं. त्यांच्या निधनानंतर थोड्याच वर्षांत काशीबाई कानिटकरांनीं त्यांचें चरित्र लिहिलें. एका स्त्रीनें दुसऱ्या स्त्रीचें चरित्र लिहावें हीच त्या काळीं मोठी गोष्ट होती, आणि त्या ग्रंथाचा मान आम्ही कमी लेखीत नाहीं. इंग्रजींत कॅरोलाइन डॉल यांचें चरित्र १८८८ तच निघालें होतें. १९६८ सालीं श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली, आणि मराठी घरांघरांत आनंदीबाई पोंचल्या त्या या कादंबरीमुळें. तिच्याच नांवाचा चित्रपट २०१९ त निघाला. कादंबरीचें सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु तिचें नांवच पाहा: पत्नीचें नांव आणि त्यास जोडून पतीचें. वाचून खालीं ठेवल्यावर मनांत घोळत राहतो तो गोपाळरावांचा विक्षिप्त स्वभाव, नऊ वर्षांच्या मुलीचें त्यांच्याशीं झालेलें लग्न, हट्ट, मार, विरह आणि अकालीं मृत्यु. त्या तीन वर्षांत ही मुलगी वर्गांत काय शिकली, कोणत्या विषयाकडे तिचा ओढा होता, शेवटीं तिनें काय लिहिलें, हे प्रश्न कादंबरीच्या वाचकास पडत नाहींत. कादंबरीकारानें ते पाडलेच पाहिजेत असा आमचा आग्रह नाहीं. त्याचें काम निराळें. आमचा आक्षेप वाचकांवर आहे. आपण कादंबरीसच चरित्र मानून स्वस्थ बसलों. अंजली कीर्तने यांनीं कष्टानें साधनें शोधून 'डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व' हा ग्रंथ सिद्ध केला, मीरा कोसंबी यांनीं आनंदीबाईंचीं पत्रें इंग्रजींत अभ्यासपूर्वक मांडलीं, हे दोन्ही प्रयत्न दप्तरांत शिरून केलेले असल्यामुळें त्यांतील आनंदीबाई अधिक बुद्धिमान, अधिक स्वतंत्र आणि कधीं कधीं अधिक अडचणीच्याहि वाटतात. पण कादंबरी वाचणाऱ्या शंभरांतल्या कितींनीं हे ग्रंथ चाळले असतील?

आतां प्रबंधाकडे वळूं. त्यांत आजच्या प्रसूतितज्ज्ञास उपयोगी असें औषध किंवा शस्त्रक्रिया सांपडेल अशा आशेनें कोणी तो उघडील तर निराश होईल. तो वीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा पदवीप्रबंध आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांतील प्रसूतिविचार एका बाजूस आणि अमेरिकेंत शिकलेलें नवें शास्त्र दुसऱ्या बाजूस, अशी त्याची बैठक आहे. परकीयांपुढें आपल्या पूर्वजांची बाजू मांडण्याचा सूर अशा विषयांत येतोच, आणि तो आम्हांस थोडा खटकतो. तरीहि विषयाची निवड पाहण्यासारखी आहे. ह्या स्त्रीस चौदाव्या वर्षीं मूल झालें होतें आणि तें दहा दिवसांत दगावलें होतें. प्रसूति हा विषय तिनें वाचनालयाच्या फळीवरून उचललेला नव्हता. ज्या अनुभवावर कादंबरीकार हृदयद्रावक प्रकरण लिहितो, त्याच अनुभवाचें तिनें शास्त्रीय प्रश्नांत रूपांतर केलें. आमच्या मतें आनंदीबाईंच्या चरित्रांतील हा प्रसंग बोटींत चढण्याच्या प्रसंगापेक्षां मोठा आहे, आणि त्याचा पुरावा फक्त ह्या एका वहींत आहे.

विषयाच्या नांवांतील 'आर्य हिंदु' हा शब्द मात्र वाचकानें तसाच गिळूं नये. तो त्या काळचा शब्द आहे, आणि त्यानें एक रेघ ओढली आहे. संस्कृत ग्रंथ ज्यांच्या घरीं उघडले जात त्यांची प्रसूति ह्या रेघेच्या आंत. आगरी-कोळ्यांच्या घरांत, गव्हाण-उरणच्या झांपांत सुइणीच्या हातून झालेलीं बाळंतपणें रेघेच्या बाहेर. देशांतील बहुसंख्य बायका ह्या बाहेरच्या बाजूसच होत्या. हा दोष एकट्या आनंदीबाईंच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. पण जुना कागद वाचावयाचा तो आरती ओवाळण्यासाठीं नव्हे, त्यांतील काय सुटलें आहे हें पाहण्यासाठींहि.

येथें आमच्या आरंभींच्या व्यवहारी प्रश्नाचें उत्तर हातीं लागतें. आनंदीबाई ज्या काळीं शिकत होत्या, तो वैद्यकांतील विलक्षण उलथापालथीचा काळ होता. बाळंतज्वर डॉक्टरांच्याच अस्वच्छ हातांनीं पसरतो हें सेमेलवाइसनें व्हिएन्नांत १८४७ त दाखविलें, आणि त्याच्या व्यवसायबंधूंनीं तें बरींच वर्षें ऐकून घेतलें नाहीं. लिस्टरची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ ची. क्षयाचा जंतु कॉखनें १८८२ च्या मार्चमध्यें जाहीर केला. त्यानंतर एका वर्षानें आनंदीबाई कलकत्त्याहून बोटींत चढल्या. म्हणजे ज्या रोगानें त्यांचा २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास अंत झाला असें मानलें जातें, त्या रोगाचें कारण त्या शिकत असतां माहीत झालेलें होतें. त्यावरचें पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सांपडलें १९४३ त. कारण कळणें आणि रोगी वांचणें यांच्यामध्यें एकसष्ट वर्षांचें अंतर पडलें. नव्या पाठ्यपुस्तकांत जंतूचें नांव आणि औषधाचें नांव एकाच पानावर शेजारीं शेजारीं छापलेलीं असतात. मधलीं एकसष्ट वर्षें तेथें दिसत नाहींत. तीं जुन्या फळीवर दिसतात. आज जें औषध निश्चित म्हणून दिलें जातें, त्याविषयीं थोडा संशय आणि जें सांपडलेलें नाहीं त्याविषयीं थोडा धीर, हे दोन्ही गुण डॉक्टरास रोज लागतात, आणि ते शिकविण्याचें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. सर विल्यम ऑस्लर हे कांहीं पुस्तकी किडे नव्हते. त्यांचें १८९२ चें वैद्यकावरील पाठ्यपुस्तक पिढ्यान् पिढ्या डॉक्टरांनीं वापरलें. पण त्याच ऑस्लरांनीं सुमारें आठ हजार जुने ग्रंथ जमवून कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठास दिले, तें ग्रंथालय १९२९ त उघडलें, आणि त्यांच्या अस्थिहि तेथें पुस्तकांतच ठेवलेल्या आहेत. हाडाच्या डॉक्टरास जुनें पुस्तक अडगळ वाटत नव्हतें, एवढेंच यावरून घ्यावें.

फिलाडेल्फियाच्या दप्तरानें आणखी एक उपकार केला आहे. त्याच महाविद्यालयांतून १८९२ सालीं गुरुबाई करमरकर या दुसऱ्या मराठी बाई पदवी घेऊन आल्या. आनंदीबाईंस रोगी तपासण्यास आयुष्यच उरलें नाहीं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील त्यांची नेमणूक कागदावरच राहिली. गुरुबाईंनीं मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनमध्यें तेवीस वर्षें प्रत्यक्ष रोग्यांची सेवा केली. त्यांचें नांव ठाऊक असलेला सुशिक्षित वाचक आमच्या पाहण्यांत क्वचितच येतो. त्या ख्रिस्ती होत्या म्हणून, कीं त्यांच्या आयुष्यांत कादंबरीस लागणारी शोकांतिका नव्हती म्हणून, हें ज्याचें त्यानें ठरवावें. दप्तरास असा पंक्तिप्रपंच करतां येत नाहीं. तेथें दोघींचे कागद सारख्याच काळजीनें ठेवलेले आहेत.

आपल्या घरीं काय आहे? पुष्कळ आहे, पण विखुरलेलें. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ त उघडलें. १८५१ च्या त्याच्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. त्यांच्या कुष्ठरोगावरील औषधाची त्या काळीं मोठी चर्चा होती. पण डॉक्टर असूनहि त्यांनीं हस्तलिखितें जमविलीं, तीं आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटींत आहेत, आणि प्रा. ह. दा. वेलणकरांनीं केलेल्या सूचींत तीं नोंदलेलीं आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील वैद्यकविषयक हस्तलिखितांची वर्णनात्मक सूचि हरदत्त शर्मा यांनीं केली, ती १९३९ त निघाली. त्याच संस्थेचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनीं तर एकेका वैद्यकग्रंथाचा काळ ठरविण्यासाठीं आयुष्य वेंचलें. ह्या माणसांच्या लेखांत अलंकार नाहींत, तळटीपांचें मात्र रान आहे. तरी त्यांची रुची लागली म्हणजे कादंबरी अळणी वाटते, असा आमचा अनुभव आहे.

ह्या जुन्या माणसांचा एक विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. संस्कृत वैद्यक आणि इंग्रजी डॉक्टरी हीं दोन वेगळीं कपाटें आहेत, आणि एकांत हात घालणाऱ्यानें दुसऱ्याकडे पाहूं नये, असें त्यांनीं मानलें नाहीं. सुश्रुतसंहिता कलकत्त्यास १८३५-३६ त छापली ती मधुसूदन गुप्त यांनीं. १८३६ त तेथील मेडिकल कॉलेजांत प्रेताचें विच्छेदन करून ज्यांनीं शिष्टाचाराची भिंत फोडली तेच हे गृहस्थ. वाग्भटाचें अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह १८८० त मुंबईंत प्रसिद्ध झालें, त्याचे संपादक डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे हे पाश्चात्य वैद्यक शिकलेले. डॉ. सखाराम अर्जुन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकविलें, बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ च्या स्थापनेंत भाग घेतला, आणि देशी औषधींची सूचिहि केली. त्यांचें 'गर्भविद्या व प्रसूतिकरण' हें मराठी पुस्तक १८७३ चें, म्हणजे आनंदीबाईंच्या प्रबंधाआधीं तेरा वर्षांचें. मराठींत प्रसूतिशास्त्र लिहिणारा हा मुंबईचा डॉक्टर आणि फिलाडेल्फियांत इंग्रजींतून तोच विषय मांडणारी ही मुलगी, यांचीं पुस्तकें शेजारीं ठेवून कोणी वाचावीं असा योग अद्याप आलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. पुढें याच सखाराम अर्जुनांची सावत्र मुलगी रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आली, ही गोष्ट लोकांस ठाऊक आहे. पण तीहि कोर्टांतील खटल्यामुळें, वैद्यकामुळें नव्हे. स्त्री-डॉक्टरांच्या बाबतींत आमच्या आठवणीची ही खोड जुनीच दिसते.

पनवेलची गोष्ट याहून वेगळी नाहीं. कृष्णशास्त्री पुराणिकांनीं येथें १८७२ सालीं श्रीधूतपापेश्वर ह्या आयुर्वेदीय औषधांच्या कारखान्याचा पाया घातला. म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजांतले डॉक्टर मराठींत पाठ्यपुस्तकें लिहीत होते, त्याच सुमारास खाडीच्या ह्या कांठावर वैद्यशास्त्री औषधें तयार करण्याचा नवा धंदा उभारीत होते. दोन्ही घटनांचा एकत्र इतिहास लिहावयास बसलें तर साधनें कोठें आहेत? कांहीं छापील पुस्तकांत, कांहीं संस्थांत, आणि बरींचशीं वैद्यांच्या घरांतील बाडांत. गव्हाणसारख्या गांवांत जुनीं घरें उतरवून मजल्यांचीं घरें उठतात तेव्हां माळ्यावरचें बाड, पितळी खल आणि तराजू यांपैकीं खल तेवढा विकावयास बाजूला काढतात. ज्यांच्या हातीं असें बाड येईल त्यांस आम्ही इतकेंच सुचवितों: पानें सुटीं करूं नयेत, त्यांस प्लास्टिकचें कायमचें आवरण चिकटवूं नये, तेलाचे किंवा काढ्याचे डाग धुऊं नयेत, कारण कोणतें पान रोज उघडलें जाई हें ते डागच सांगतात. मूळ धन्याचें नांव, गांव आणि बाड सांपडल्याची जागा वेगळ्या चिठीवर लिहावी, आणि तें एखाद्या सूचि करणाऱ्या संस्थेस दाखवावें. कामोठें-नेरूळच्या ग्रंथालयांनींहि मनावर घेतलें तर अशा बाडांच्या छायाचित्रांस एक कपाट देणें त्यांस जड जाणार नाहीं.

राहतां राहिल्या सुइणी, ज्या आनंदीबाईंच्या रेघेबाहेर होत्या आणि ज्यांनीं कांहींच लिहून ठेवलें नाहीं. त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या लेकीसुना आतां ऐंशीच्या घरांत आहेत. गांवांतल्याच एखाद्या वैद्यकीय विद्यार्थिनीनें सुटींत त्यांच्याजवळ बसून विचारावें: नाळ कशानें कापीत, वार पडली नाहीं तर काय करीत, बाळंतिणीस पहिले दहा दिवस काय खावयास देत, मूल आडवें आहे हें हातानें कसें ओळखीत, आणि आतां हें आपल्या हातचें नाहीं असें ठरवून होडींत घालून पनवेलीस किंवा मुंबईस केव्हां पाठवीत. उत्तरें त्यांच्याच बोलींत, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावीं, आणि वहीवर त्या बाईचें नांव तिच्या संमतीनें व तारीख घालावी.